घरच्या मुलीसाठी डिझाइनचा संगणक कोणता घ्यावा?



या सदरात आपण एरवी बोंडअळी, खताच्या मात्रा आणि ठिबकच्या नळ्या यांविषयी बोलतो. या खेपेला विषय जरा वेगळा आहे. पण तो घरातल्या पैशाचा आणि लेकीच्या पोटापाण्याचा आहे, तेव्हा येथे बोलायला हरकत नसावी.

गेवराई तालुक्यातील एका शेतकरी वाचकांचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी बारावी झाली. तालुक्याच्या गावी सहा महिन्यांचा डिझाइनचा वर्ग तिने पुरा केला. हात चांगला आहे. गावातल्या दोन लग्नपत्रिका आणि बचत गटाच्या काळ्या मसाल्याचे लेबल तिने वर्गातल्या संगणकावर करून दिले, आणि त्याचे पैसेही मिळाले. आता तिला घरी संगणक हवा आहे. वर्गातले सर म्हणतात, "डिझाइन करायचे तर ॲपलच घे, बाकी सगळी खेळणी." मामा म्हणतो, "लाख रुपये कशाला घालता, तीस हजारांत संगणक येतो." वडिलांपाशी कापसाचे पैसे आहेत, पण ते बोअरच्या नव्या मोटरीसाठी राखलेले. त्यांचा प्रश्न असा: "साहेब, तुम्ही घडीपत्रिका छापून घेता, तुम्हाला यातले कळत असेल. मोटर थांबवावी, की पोरीला थांबवावे?"

घडीपत्रिका आणि शेतीशाळेची भित्तिपत्रके छापून घेण्यात माझी नोकरी गेली हे खरे आहे. छापखान्यातल्या स्टुलावर बसून शुद्धलेखन तपासता तपासता जे पाहिले, आणि त्या धंद्यातल्या माणसांना विचारून जे समजले, ते येथे सांगतो. मोटर की पोरगी, असा हा प्रश्न मुळात नाही. पण तेथे पोचण्याआधी थोडी मशागत करावी लागेल.

ट्रॅक्टर घेताना आपण आधी काय पाहतो? रंग पाहत नाही. आपल्याला कोणती अवजारे ओढायची आहेत, रान भारी की हलके, आणि बिघडला तर मिस्त्री किती लांब आहे, हे पाहतो. संगणकाचेही तसेच आहे. ज्याला आपण संगणक म्हणतो त्यात एक लोखंडी यंत्र असते आणि ते चालवणारी एक कार्यप्रणाली असते. बाजारात अशा कार्यप्रणाली मुख्यतः तीन. मायक्रोसॉफ्टची विंडोज, ॲपलच्या मॅक संगणकावरची मॅकओएस, आणि फुकट मिळणारी लिनक्स. चित्रकामाची सॉफ्टवेअरे म्हणजे अवजारे. काही अवजारे तिन्हींना जोडता येतात, काही दोघांना, काही एकालाच. म्हणून आधी गिऱ्हाईक ठरवावे, त्यावरून अवजार, आणि अवजारावरून संगणक. आपल्याकडे बहुतेक घरांत नेमके उलटे होते.

आता सरांच्या म्हणण्याकडे वळू. ते अगदीच हवेतले नाही. ॲपलचा मॅकिंटॉश १९८४ साली आला. १९८५ साली त्याच्यासाठी पेजमेकर हे पान जुळवण्याचे सॉफ्टवेअर निघाले आणि त्याच वर्षी ॲपलचा लेझर प्रिंटरही बाजारात आला. खिळे न जुळवता टेबलावर बसून पान तयार करण्याचा धंदा, ज्याला डीटीपी म्हणतात, तो या जोडीने उभा राहिला. फोटोशॉपही १९९० साली पहिल्यांदा निघाले ते फक्त मॅकसाठी. विंडोजवाल्यांना ते नंतर मिळाले. त्यामुळे त्या काळी जाहिरातीच्या आणि छपाईच्या कामाला मॅक घेणे हे शहाणपणाचेच होते. पण फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइन ही तिन्ही सॉफ्टवेअरे आज दोन्हींवर चालतात. शिकणाऱ्याच्या हाताला त्यांत फारसा फरक जाणवत नाही. जुन्या काळी एखाद्या वाणाने नाव कमावले म्हणून आज तोच पेरावा असे आपण म्हणत नाही. येथेही तेच.

मग तालुक्याच्या पातळीवर काम कोणते मिळते ते पाहू. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे आणि निवडणुकीचे फ्लेक्स, कृषी सेवा केंद्राची पावतीपुस्तके, शाळेची प्रगतिपुस्तके, दूध डेअरीचे कार्ड, डाळिंबाच्या खोक्यावरची छपाई, बचत गटांची लेबले. हे सारे काम जेथे छापले जाते तेथे चार छापखान्यांत जाऊन पाहा. तीन ठिकाणी तरी कोरलड्रॉ दिसेल, तेही विंडोजवर. कोरलड्रॉ १९८९ साली निघाले तेच विंडोजसाठी. मॅकसाठी ते मधली बरीच वर्षे निघतच नव्हते, २०१९ साली पुन्हा सुरू झाले. आपल्याकडच्या छपाईवाल्यांचा हात त्यावर बसला तो बसला. छपाईवाला म्हणतो, "ताई, सीडीआर फाइल पाठव." ती पाठवता आली नाही तर काम दुसऱ्याकडे जाते. आणखी एक बारकावा आहे. कोरलच्या नव्या आवृत्तीत केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. फाइल साठवताना जुन्या आवृत्तीत साठवण्याची सोय असते, म्हणून छापखान्यात कोणती आवृत्ती आहे ते आधीच विचारून वहीत लिहून ठेवावे.

सर्वांत मोठी गोष्ट आपल्या लिपीची. दुकानदार हिच्याविषयी अवाक्षर काढत नाही आणि वर्गातही ती उरकून घेतात, म्हणून मी जरा सविस्तर सांगतो.

संगणक अक्षर ओळखत नाही, आकडा ओळखतो. युनिकोड पद्धतीत आपल्या 'म'ला जगभर एकच आकडा दिलेला आहे. पण युनिकोड सर्वत्र रुळण्याच्या आधी निरनिराळ्या कंपन्यांनी मराठी फाँट केले. त्यात इंग्रजी अक्षराच्या आकड्यावर मराठी अक्षराचा नुसता आकार चढवलेला असे. आतला माणूस इंग्रजी, अंगरखा मराठी. तो फाँट ज्या संगणकात नाही तेथे अंगरखा गळून पडतो आणि मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा पाचोळा दिसतो. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे श्रीलिपी, सी-डॅकचे आयएसएम, यांवर आपल्याकडचे छापखाने वर्षानुवर्षे चालले. त्यांनी मराठीची मोठी सेवा केली यात शंका नाही. पण त्या काळच्या पत्रिकांचे, पावतीपुस्तकांचे नमुने आजही त्याच जुन्या फाँटात पडून आहेत. "मागच्या वर्षीचेच छाप, फक्त तारीख बदल," असे म्हणणारे गिऱ्हाईक आले, की तो फाँट आणि ते सॉफ्टवेअर जवळ असावे लागते. ही जुनी सामग्री बहुतांशी विंडोजची आहे.

एका छापखान्यात आमच्या फवारणीच्या घडीपत्रिकेचे काय झाले ते सांगतो. मजकूर जुन्या फाँटात होता. तो युनिकोडमध्ये आणण्यासाठी चालकाने रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून काढला. त्या जुन्या फाँटात पूर्णविरामाच्या कळीवर अर्धा 'ण' बसवलेला. मात्रेचे आकडे तेवढे इंग्रजी फाँटात होते, पण त्या सॉफ्टवेअरने त्यांतला दशांशटिंबही 'ण्' करून टाकला, आणि '०.५ मिली'चे '०ण्५ मिली' झाले. कच्चा छाप वाचताना तेथल्या जुळणी करणाऱ्या बाईंनीच ते हेरले आणि पत्रिका थांबवली. नुसते टिंब गळून '०५' झाले असते तर? दहापट औषध. पिकाचे काय झाले असते ते तुम्हाला सांगायला नको. तेव्हा लेबलावरचे वजन, औषधाची मात्रा, पत्रिकेतली तारीख आणि फोन नंबर हे रूपांतरानंतर मूळ कागदाशी बोट ठेवून ताडून पाहावेत. हे संगणक कोणताही असला तरी लागू आहे.

नवीन काम मात्र युनिकोडमध्येच करावे. विंडोजमध्ये मंगल हा फाँट २००० सालापासून येतो. तो प्राध्यापक र. कृ. जोशी यांनी घडवला. मॅकमध्येही कोहिनूर देवनागरी आणि श्री देवनागरी हे फाँट आधीपासून असतात. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी केलेले मुक्त आणि बलू यांसारखे चांगले फाँट फुकट मिळतात, आणि ते कोणत्याही कार्यप्रणालीवर चालतात. या बाबतीत कोणी मागे नाही. अडचण येते ती सॉफ्टवेअरमध्ये. जुन्या फोटोशॉपमध्ये युनिकोड मराठी टाकले की वेलांटी अक्षराच्या पलीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरे सुटतात. नव्या आवृत्त्यांत भारतीय लिप्यांसाठी सोय आहे, पण काही आवृत्त्यांत ती सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. वर्गात हे सांगितले नसेल, तर मुलगी समजते संगणकच वाईट.

म्हणून संगणक किंवा सॉफ्टवेअर घेण्याआधी एक परीक्षा करावी. दुकानात किंवा ओळखीच्या ठिकाणी बसून 'शेतकऱ्यांसाठी महाराष्ट्रातील कृषी तज्ज्ञांचे शुद्ध बियाणे' एवढे टंकून पाहावे. 'ऱ्यां' नीट आला का, 'ष्ट्र' तुटला का, 'ज्ज्ञ' कसा दिसतो, 'द्ध' जुळला का, 'बि'ची वेलांटी जागेवर आहे का, हे डोळ्यांनी पाहावे. मराठीचा पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' हिंदीपेक्षा वेगळा लिहितात. काही फाँटांत तो असतो, काहींत नसतो. शाळेच्या कामाला हा फरक शिक्षक लगेच पकडतात.

आता रंगाविषयी. पडदा रंग दाखवतो तो उजेडातून, तांबडा-हिरवा-निळा मिसळून. छापखाना रंग देतो तो शाईतून, निळसर, किरमिजी, पिवळा आणि काळा मिसळून. पडद्यावर जो पोपटी रंग चमकतो तो शाईत तसाच येत नाही. भल्या महागड्या संगणकानेही येणार नाही. ऑफसेटचे काम करताना सॉफ्टवेअर सुरुवातीलाच सीएमवायके रंगपद्धतीवर ठेवावे म्हणजे नंतर तोंड वाकडे होत नाही. पडदा बरा हवा, हे मात्र खरे. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात '४५ टक्के एनटीएससी' असे लिहिलेले असते. त्यावर डाळिंबाचा लाल विटकरी दिसतो, आणि मुलगी तो उगाच भडक करत बसते. '१०० टक्के एसआरजीबी' किंवा त्याच्या जवळपास असलेला आयपीएस पडदा मागावा. ॲपलच्या लॅपटॉपचा पडदा चांगला असतो, हे सरांच्या बाजूने सांगितले पाहिजे. विंडोजवाल्यांत चांगले आणि टाकाऊ दोन्ही असतात, पारखून घ्यावे लागतात. मामांच्या तीस हजारांत बहुधा येथेच मेख असते.

यंत्राच्या आतले थोडक्यात सांगतो. रॅम १६ जीबी, साठवण एसएसडीची ५१२ जीबी. याहून कमी घेतले तर मोठा फ्लेक्स उघडताना बैलगाडी घाटात अडकावी तसे होते. विंडोजच्या साध्या डेस्कटॉपमध्ये, आणि काही लॅपटॉपमध्येही, रॅम पुढे वाढवता येते, आणि तालुक्याचा दुरुस्तीवाला ते दुकानातच करून देतो. आजच्या मॅकमध्ये रॅम आत कायमची बसवलेली असते, पुढे वाढत नाही. जे काय लागणार ते पहिल्याच दिवशी घ्यावे लागते. दुरुस्तीला बहुधा शहर गाठावे लागते. उलट मॅक टिकतो चांगला, वीज कमी खातो, आणि जुना झाल्यावर विकला तरी किंमत बरी येते. मॅक म्हणजे नेहमी लाखच, असेही नाही. मॅक मिनी नावाची हातात मावणारी पेटी २०२४ साली १६ जीबी रॅमसह ५९,९०० रुपयांना आली होती. पण पडदा, कळफलक आणि माउस वेगळा घ्यावा लागतो.

विजेचा प्रश्न तुम्हाला मी काय सांगू! डेस्कटॉप घेतला तर यूपीएस घ्यावाच आणि घराची अर्थिंग तपासून घ्यावी. मोटर चालू होताना दिवे मंदावतात अशा घरात लॅपटॉप बरा, वीज गेली तरी हातातले काम बुडत नाही.

सॉफ्टवेअरचा खर्च लोक धरतच नाहीत. ट्रॅक्टर घेतला आणि डिझेलचे पैसे विसरले, असा तो प्रकार आहे. अडोबीने २०१३ सालापासून आपली नवी सॉफ्टवेअरे भाड्याने द्यायला सुरुवात केली. पैसे भरणे थांबले की ती बंद पडतात. म्हणून बरेच जण चोरीची प्रत टाकून घेतात. दुकानदारच 'टाकून देतो' म्हणतो. मला हे पसंत नाही, आणि पापपुण्य बाजूला ठेवले तरी त्यातून विषाणू शिरून गिऱ्हाइकांच्या सगळ्या फाइली एका रात्रीत कुलूपबंद झाल्याची उदाहरणे आहेत. फुकटची, कायदेशीर अवजारे आता पुष्कळ आहेत. रेषाकामाला आणि लेबलांना इंकस्केप, फोटोंना गिंप, हाताने रंगवायला क्रिटा, पुस्तिकेला स्क्रायबस. ही चारही विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतात, आणि इंकस्केप, गिंपमध्ये युनिकोड मराठी नीट जुळते. इंकस्केपची एक उणीव म्हणजे ते पडद्याच्या रंगपद्धतीत चालते. छपाईसाठीचे रंग स्क्रायबसमध्ये आणून करावे लागतात. ॲफिनिटी नावाचे चांगले सॉफ्टवेअर ऑक्टोबर २०२५ मध्ये फुकट झाले आहे. त्यावर आधी वरची परीक्षा घ्यावी, मगच मराठी काम हाती घ्यावे. कोरलड्रॉ आणि अडोबी मात्र लिनक्सवर सरळ चालत नाहीत, आणि आपल्याकडच्या छापखान्यांशी व्यवहार करताना लिनक्स तेथे अडते.

तरीही लिनक्सचा एक मोठा उपयोग आहे. विंडोज १० ला कंपनीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ न पेलणारे असे पुष्कळ जुने संगणक पतसंस्थांतून, शाळांतून, भावकीतल्या नोकरदारांच्या घरांतून अडगळीत गेले आहेत. असा एखादा मागून आणावा, त्यात लिनक्स टाकून घ्यावी आणि वरची फुकटची सॉफ्टवेअरे बसवावीत. फार जड काम त्यावर होणार नाही, पण लेबल, पत्रिका, बोधचिन्ह यांचा हात बसायला ते पुरेसे आहे.

पत्र लिहिणाऱ्या बंधूंना माझे सांगणे असे. मोटर आधी घ्या, तिच्यावर ऊस आणि कांदा उभा आहे. त्याच आठवड्यात मुलीसाठी असा एखादा जुना संगणक मिळवा. तिने सहा महिने त्यावर काम करावे, मिळालेल्या कामांची आणि पैशांची वही ठेवावी. काम तालुक्यातल्या छापखान्यांचे असेल तर पुढे विंडोजचा लॅपटॉप घ्यावा: १६ जीबी रॅम, चांगला पडदा, आणि कोरलड्रॉची रीतसर प्रत. पुण्या-मुंबईच्या एजन्सीत जायचे, चित्रफिती करायच्या, असे ठरले आणि तेथले कोणी मॅकवर काम करणारे निघाले, तर मॅक घेण्यात चूक नाही. तेव्हा ती स्वतःच्या कमाईतून निम्मे तरी देऊ शकेल. उरलेल्याला मुद्रा योजनेतील शिशु गटाचे ५०,००० रुपयांपर्यंतचे कर्ज बँकेत मागता येते. त्याआधी उद्यम नोंदणी करून घ्यावी, ती फुकट होते. कोणी तिचे पैसे मागितले तर देऊ नयेत.

आणखी एक, घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी. पावती मुलीच्या नावाने करा. लग्न होऊन सासरी गेली तर संगणक तिच्याबरोबर जायला हवा. शिवणयंत्र लेकीबरोबर पाठवताना आपण कधी कुरकुर केली नाही. हे यंत्र भावाच्या खेळासाठी मागे ठेवून घेतल्याचे मी दोन घरांत पाहिले आहे, आणि दोन्हीकडे चांगला चाललेला धंदा बसला.

काम छापखान्यात देताना अक्षरांचे 'कर्व्ह' करून द्यावे, म्हणजे तेथे फाँट नसला तरी अक्षर बिघडत नाही. मात्र कर्व्ह केल्यावर मजकूर दुरुस्त करता येत नाही. म्हणून मूळ फाइल वेगळ्या नावाने ठेवावी आणि तिची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन संगणकापासून दूर, दुसऱ्या खोलीत ठेवावी. गिऱ्हाईक पुढच्या लग्नसराईत पुन्हा तीच मागायला येते.